वाटाण्याचा अंकुर आणि चांदीची फीत



'प्रायोगिक चित्रपट' हे शब्द कानावर पडले की आपल्यापैकी बहुतेकांना काहीतरी परदेशी, न समजणारे आणि अर्ध्या तासात झोप आणणारे आठवते. या लेखात मी दुसरी बाजू मांडणार आहे. भारतीय चित्रपटाची वाटच एका प्रयोगाने खुली झाली. तो प्रयोग एका मराठी माणसाने घरात बसून केला आणि त्यातला नायक होता एक वाटाणा.

मी होमिओपॅथीचा डॉक्टर. सिनेमावर लिहिण्याचा मला अधिकार काय, असे कोणी विचारील. माझ्या औषधांच्या कपाटात 'अर्जेंटम नायट्रिकम' नावाची बाटली आहे. हे सिल्व्हर नायट्रेट. चित्रफितीचा जन्म याच क्षारातून होतो. त्या शेजारच्या 'कॅली ब्रोमेटम'मधला ब्रोमाइडही फितीत असतो. तेव्हा या विषयाशी माझी ओळख निदान बाटलीपुरती तरी जुनी आहे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. आपल्या जुन्या घरांतल्या पेट्यांत लग्नकार्याची छोटी रिळे पडून आहेत आणि ती हळूहळू मरत आहेत. त्यांच्याविषयी शेवटी बोलू.

फीत म्हणजे काय?

चित्रफितीचे मुख्य थर दोन. खाली पारदर्शक पट्टी, तिच्यावर जिलेटीनचा पातळ लेप. या लेपात सिल्व्हर ब्रोमाइडचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात. कणावर उजेड पडला की त्यात चांदीचे मोजके अणू सुटे होतात. तीन-चार अणूही पुरतात. डोळ्यांना तेव्हा काहीच दिसत नाही. पुढे फीत डेव्हलपरच्या द्रावणात बुडवली की ज्या कणांवर उजेडाची ही खूण पडली आहे, ते अख्खेच्या अख्खे चांदी होतात. उजेड न लागलेले कण 'हायपो' धुऊन काढतो. जॉन हर्शेल या शास्त्रज्ञाने १८१९ मध्ये ओळखलेले हे रसायन पुढे छायाचित्रणाचा कणा झाले.

एवढ्याशा खुणेने अख्खा कण पालटतो, हे वाचून माझ्यासारख्याला मोह होणे साहजिक आहे. पण यात मी माझ्या पॅथीचा पुरावा शोधणार नाही. हे निखळ रसायनशास्त्र आहे आणि ते मोजता येते.

आपल्याला हे समजायला जवळचे उदाहरण बीदरचेच आहे. बिदरी कामात जस्त-तांब्याच्या भांड्यावर चर कोरून चांदीची तार ठोकून बसवतात आणि मग किल्ल्यातली माती व नवसागर यांच्या द्रावणाने भांडे काळे करतात. जमीन काळी पडते, चांदी पांढरी राहते. फितीत उलटे घडते. तिथे चांदी इतकी बारीक असते की ती चमकत नाही, काळी दिसते. जिथे उजेड जास्त तिथे चांदी जास्त, म्हणून तो भाग काळा. हीच निगेटिव्ह. तिच्यावरून दुसऱ्या फितीवर छापले की काळ्याचे पांढरे होऊन खरे चित्र मिळते.

आता जिलेटीन. आपल्या सुताराच्या भांड्यातला सरस आणि हे जिलेटीन सख्खे भाऊ. दोन्ही जनावरांची हाडे-कातडी उकळून निघतात. मी जैन आहे, त्यामुळे ही गोष्ट लपवून मला पुढे जाता येत नाही. शंभराहून अधिक वर्षे जगभर लोकांनी शोध घेतला, पण चांदीचे कण इतक्या समजूतदारपणे धरून ठेवणारा आणि द्रावण आत शिरू देणारा दुसरा पदार्थ चित्रफितीला मिळाला नाही. १९२५ च्या सुमारास कोडॅक कंपनीतल्या सॅम्युएल शेपर्ड यांनी एक गंमत शोधली. काही जिलेटीनची फीत उजेडाला जास्त संवेदनशील होते आणि काहींची मठ्ठ राहते, याचे कारण जिलेटीनमधल्या गंधकयुक्त तेलाच्या लेशमात्र अंशात होते. जनावराने मोहरीवर्गातली झाडे खाल्ली असतील तर तो अंश उतरतो. म्हणजे गाईच्या चाऱ्यावर चित्राचा उजळपणा अवलंबून! अहिंसेच्या काट्यावर ही कला पूर्ण उतरत नाही. म्हणूनच, ज्या फिती बनून गेल्या आहेत त्या वाया घालवणे मला दुप्पट चुकीचे वाटते.

फाळक्यांचा वाटाणा

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरचा. बडोद्याच्या कलाभवनात ते छायाचित्रण शिकले, पुढे छपाईच्या धंद्यात पडले. गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिल्यावर आपल्या देवांच्या कथा अशा पडद्यावर याव्यात, या एका ध्यासाने त्यांना झपाटले. १९१२ च्या आरंभी ते लंडनला गेले आणि विल्यमसन कॅमेरा, फितीला भोके पाडण्याचे यंत्र आणि कोरी फीत यांची व्यवस्था करून परतले.

परतले, पण भांडवल कुठे होते? सावकाराला पुराणकथा सांगून पैसे मिळत नसतात. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा एका जागी पक्का बसवला आणि ठराविक अंतराने एकेक चौकट टिपत गेले. पडद्यावर पाहणाऱ्यांना वाटाण्याला कोंब फुटून वेल वर चढताना दिसला. 'अंकुराची वाढ' या नावाने ही छोटी फीत ओळखली जाते. ती पाहूनच छायाचित्रणाचे साहित्य विकणाऱ्या नाडकर्णी या स्नेह्याने तारणावर पैसे दिले.

यातला हिशोब करून पाहा, म्हणजे चिकाटी कळेल. त्या काळच्या कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवायचा. सेकंदाला साधारण दोन फेरे, एका फेऱ्यात आठ चौकटी, म्हणजे सेकंदाला १६. एक मिनिटाचे दृश्य हवे तर ९६० चौकटी लागतात. महिनाभराची वाढ त्या एका मिनिटात बसवायची तर दिवसाला ३२, म्हणजे दिवसरात्र दर पाऊण तासाला एक चौकट. मध्ये कुंडीला धक्का लागला, उजेड बदलला, कोणी कॅमेरा हलवला की सारे पुन्हा पहिल्यापासून. आज याला 'टाइम-लॅप्स' म्हणतात आणि मोबाइलवर त्याचे बटण असते. फाळक्यांचे बटण म्हणजे त्यांचे स्वतःचे बोट.

३५ मिलिमीटरच्या फितीत एका फुटात १६ चौकटी बसतात. म्हणजे त्या वेगाने एक फूट फीत बरोबर एक सेकंद चालते. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लागलेला 'राजा हरिश्चंद्र' सुमारे ३,७०० फुटांचा होता; आपणच भागाकार करा, तासाभराचा खेळ झाला. कोऱ्या फितीला भोके अंधारात पाडावी लागत. हे काम सरस्वतीबाई फाळके करत. रसायने कालवणे, उन्हात पांढरी चादर धरून नटांवर उजेड परतवणे, वर साऱ्या मंडळींचा स्वयंपाक, हेही त्यांच्याकडेच. दागिने गहाण पडले ते वेगळे. आपल्याकडे 'चित्रपटाचे जनक' म्हणून एकाच व्यक्तीचे नाव घेण्याची सवय आहे. अंधारखोलीतल्या त्या हातांचे नावही घ्यायला हवे.

हवामानाचाही विचार करा. काळी-पांढरी फीत धुण्यासाठी द्रावण २० अंशांच्या आसपास असावे असे मानतात. आपल्या भागात मे महिन्यात टाकीचे पाणी हात पोळवते. गरम पाण्यात जिलेटीन फुगते, मऊ पडते आणि पट्टीवरून सुटून येते. युरोपात लिहिलेल्या पुस्तकातली कृती इथे जशीच्या तशी चालत नाही. घागरीतले गार पाणी, रात्रीची वेळ, बर्फ, अशा युक्त्या शोधाव्या लागतात.

जुने फोटो पाहताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या काळच्या फितीला लाल रंग दिसत नसे. म्हणून कुंकू काळे उमटे आणि निळे आकाश पांढरेफटक. आजीच्या फोटोत कपाळावर काळा ठिपका दिसला तर तो फितीचा दृष्टिदोष समजावा.

एकेक चौकट

एकेक चौकट टिपण्याची युक्ती हाती आली की निर्जीव वस्तूही चालू लागतात. फाळक्यांनीच 'आगकाड्यांची मौज' या छोट्या फितीत काड्यांना नाचवले. हीच रीत माणसावर वापरली तर? फिल्म्स डिव्हिजनच्या प्रमोद पती यांनी १९७२ च्या 'आबिद' या लघुपटात चित्रकार आबिद सुरती यांना अशाच तुकड्या-तुकड्यांनी टिपले. खोलीच्या भिंती आपोआप रंगत जातात आणि चित्रकार जमिनीवर न चालताच सरकतो. पती ओडिशाचे, झेकोस्लोव्हाकियात बाहुलीपटांचे तंत्र शिकून आलेले. टॉकीजमध्ये मुख्य चित्रपटाआधी सरकारी माहितीपट लागत, तेव्हा आपण बाहेर शेंगा घ्यायला जात होतो. असले धाडस त्याच सरकारी खात्याच्या छताखाली चालू होते.

चित्रकार अकबर पदमसी यांनीही १९७० च्या सुमारास मुंबईत रेषांच्या शेकडो चित्रांमधून 'सिझिजी' हा लघुपट केला. त्यांच्या दुसऱ्या लघुपटाची प्रत एकच होती. ती दिल्लीच्या एका प्रदर्शनाला गेली आणि हरवली. चांदीची फीत अशीच आहे. निगेटिव्ह नसेल तर एक प्रत म्हणजे एक जीव.

कॅमेऱ्याशिवाय

फितीवर कॅमेऱ्याशिवायही काम करता येते. सुईने लेप खरवडायचा, रंग लावायचा, किंवा वस्तू थेट फितीवर ठेवून उजेड दाखवायचा. पॅरिसमध्ये मॅन रे यांनी १९२३ मध्ये मीठ-मिरी, टाचण्या, खिळे असे काय काय फितीवर टाकून पाहिले. अमेरिकेचे स्टॅन ब्रॅकेज यांनी १९६३ मध्ये दिव्यापाशी मरून पडलेल्या पतंगांचे पंख आणि पाकळ्या दोन चिकटपट्ट्यांत दाबून त्याचीच फीत केली. पंख मेलेल्या पतंगांचे होते, हे मी मुद्दाम सांगतो. आपल्याकडे चातुर्मासात दिवा झाकण्यामागे जो विचार आहे, त्याची ही फीत पाहताना आठवण येते.

आपल्याला हौस असेल तर छायाचित्राचा कागद आणून, लाल दिव्याच्या खोलीत त्यावर कडुनिंबाची डहाळी ठेवा, क्षणभर पांढरा दिवा लावा आणि कागद धुऊन घ्या. डेव्हलपरही घरचा होऊ शकतो. इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा आणि क जीवनसत्त्व यांच्या मिश्रणाने चित्र उमटते. अमेरिकेतल्या रोचेस्टरच्या एका वर्गात १९९५ मध्ये हे करून पाहिले गेले. हायपो मात्र विकतचा लागतो आणि वापरलेला हायपो विहिरीजवळ किंवा गटारात ओतू नये. त्यात चांदी उतरलेली असते.

जे गेले

भारतात हजाराहून अधिक मूकपट बनले. पूर्ण स्वरूपात उरलेले हाताच्या बोटांवर मोजावे लागतील. १९३१ चा 'आलम आरा' आज कुठेच नाही. काही फिती चांदीसाठी धुतल्या गेल्या. काही जळाल्या, कारण १९५० च्या आसपासपर्यंतची सिनेमाची फीत नायट्रेटची, बंदुकीच्या कापसाची बहीण असे. ती पेटली की पाण्यानेही विझत नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये, जिथे पूर्वी प्रभातचा स्टुडिओ होता, त्याच आवारातले नायट्रेटचे कोठार पेटले आणि प्रभातच्या मूळ फितींचा मोठा ठेवा गेला.

जे वाचले ते माणसांनी वेड घेऊन शोधले म्हणून. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले. तिथल्या पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या कुटुंबीयांपर्यंत जाऊन रिळांचे तुकडे मिळवले. आपण आज 'राजा हरिश्चंद्र'चे काही अंश पाहू शकतो, ते त्यामुळे.

आपल्या पेटीतले रीळ

आता घराकडे वळू. तुमच्या माळ्यावर ८ किंवा १६ मिलिमीटरचे रीळ असेल तर त्याला आगीचे भय नाही. घरगुती फीत पहिल्यापासून ॲसिटेटची, 'सेफ्टी' फीत आहे. तिचा रोग वेगळा. डबा उघडल्यावर शिरक्याचा, म्हणजे व्हिनेगरचा वास आला की समजावे, फीत कुजू लागली. उष्णता आणि दमटपणा यांनी ॲसिटेटमधून ॲसेटिक आम्ल सुटते आणि तेच आम्ल उरलेल्या फितीला आणखी कुजवते. फीत आखडते, वाकते, शेवटी लेप सुटतो. या रोगावर औषध नाही, वेग कमी करता येतो एवढेच. डॉक्टर म्हणून मी सांगू शकतो, असे रोग आपल्या ओळखीचे आहेत.

पथ्य असे. वास येणारे रीळ इतरांपासून वेगळे ठेवा. संसर्ग खरा आहे. घट्ट प्लॅस्टिकमध्ये बांधू नका, वाफ बाहेर जाऊ द्या. पत्र्याखालच्या माळ्यावरून खाली आणून घरातल्या सर्वांत गार, कोरड्या खोलीत ठेवा. पाण्याने धुऊ नका. जुन्या प्रोजेक्टरवर चालवून पाहण्याचा मोह टाळा, आखडलेली फीत दात्यांत फाटते. स्कॅन करून घ्या आणि नंतरही मूळ रीळ फेकू नका. सुपर-८ चे ५० फुटांचे रीळ तीन मिनिटे वीस सेकंद चालते. एका लग्नातून उरते ते एवढेच.

आमच्यात श्रुतपंचमीला ग्रंथ बाहेर काढतात, पुसतात आणि नव्या वेष्टनात बांधतात. मूडबिद्रीची ताडपत्रे शतकानुशतके टिकली आहेत. रिळांसाठी असा एक दिवस ठरवा. फक्त ऊन दाखवू नका, सावलीतच उघडा.

आणि एक काम स्कॅनरही करू शकत नाही. घरगुती फिती बहुधा मुक्या असतात. निजामाच्या राज्यात उर्दूत शिकलेली, १९५६ नंतर कर्नाटकात आलेली, घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलणारी आपली घरे. त्या फितीत पानाचे तबक घेऊन उभी असलेली बाई कोणाची आत्या, दारातला म्हातारा कोण, मांडव कोणत्या वाड्यातला, हे सांगणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. फीत लावा, त्यांना समोर बसवा आणि त्यांचे बोलणे मोबाइलवर टिपून घ्या. चांदी अजून काही वर्षे थांबेल, त्यांची आठवण थांबेलच असे नाही. पुढच्या आठवड्यात नव्हे, या आठवड्यात.