आधी घासा, मग फासा

सुतळीचा तुकडा घ्या आणि प्लास्टिकची बादली पालथी घाला. दोन्हींवर पाण्याचा एकेक थेंब सोडा. सुतळी थेंब पिऊन टाकते. बादलीवर तो मण्यासारखा बसतो आणि बोट लावलं की घरंगळतो. ताग, काथ्या, घायपात, उसाचं चिपाड, लाकडाचा भुसा असं काही प्लास्टिकमध्ये कालवून दणकट वस्तू करायची म्हटलं की जी डोकेदुखी सुरू होते, ती सगळी या दोन थेंबांत आहे.

या सगळ्या तंतूंत सेल्युलोज असतं. त्याच्या साखळीवर जागोजागी हायड्रॉक्सिल गट असतात आणि ते पाण्याला धरून ठेवतात. पॉलिप्रोपिलीन म्हणजे नुसता कार्बन आणि हायड्रोजन. तिथे पाण्याला धरायला जागाच नाही. दोन्ही तसेच एकत्र वितळवून साच्यात घातले तर तंतू प्लास्टिकमध्ये असतो, पण प्लास्टिकला चिकटलेला नसतो. वस्तू मोडली की तुटलेल्या जागी अख्खे तंतू निसटून आलेले दिसतात, चिखलातून पाय उपसावा तसे.

कुकरच्या मुठीला हा त्रास का नाही?

लिओ बेकलँडने १९०७ साली बेकेलाइट शोधलं, तेव्हापासून त्यात लाकडाचं पीठ घालतात. जुन्या वाड्यांतली विजेची काळी बटणं याच जातीची, आणि कुकरच्या मुठीही बहुधा त्याच. तिथे भुशाला वेगळी खुशामत लागत नाही, कारण बेकेलाइटच्या फिनॉलिक राळेतही हायड्रॉक्सिल गट असतात. दोघांचं गोत्र जुळतं. पूर्व जर्मनीची ट्राबांट मोटार याच जोडीवर धावली. सोव्हिएत कापसाचा टाकाऊ कचरा आणि फिनॉलिक राळ दाबून तिचं वरचं कवच बनवत. लोक तिला पुठ्ठ्याची गाडी म्हणून हसले, पण त्या कवचाला गंज कधी चढला नाही. भांडण सुरू झालं ते पॉलिप्रोपिलीन बाजारात आल्यावर. त्यावरचा एक उतारा मात्र जुन्या कापडधंद्यात आधीच तयार होता.

मर्सरसाहेबांचं आटलेलं फडकं

लँकेशायरचा जॉन मर्सर लहानपणी बॉबिनवर सूत गुंडाळायचा. रसायनशास्त्र तो पुस्तकं वाचून स्वतःच शिकला. एकदा कॉस्टिक सोडा सुती फडक्यातून गाळताना त्याला दिसलं की फडकं आटलं, जाड झालं आणि रंगही जास्त पिऊ लागलं. १८५० साली त्याने पेटंट घेतलं. गिरणीवाल्यांनी मात्र नाक मुरडलं, कारण पंचवीस टक्क्यांपर्यंत कापड आटणार असेल तर विकायचं काय? पुढे १८९० मध्ये होरेस लो याने कापड ताणून धरून तीच प्रक्रिया केली. कापड आटलं नाही, उलट चकाकलं. आज धाग्याच्या रिळावर ‘मर्सराइज्ड’ लिहिलेलं असतं, ते या मर्सरच्या नावाने.

तंतू प्लास्टिकमध्ये कालवणाऱ्या कंपोझिटवाल्यांनी हाच सोडा उचलला, फक्त पातळ करून. तागाला किंवा घायपाताला साधारण पाच टक्क्यांचं द्रावण पुरतं. वरचं मेण, पेक्टिन, हेमिसेल्युलोज आणि थोडं लिग्निन निघून जातं. तंतूचा जुडगा सुटतो, पृष्ठभाग खरखरीत होतो. घराला रंग देणारा कारागीर भिंतीवर आधी पॉलिश पेपर मारतो, त्यातलाच प्रकार. फक्त हात सांभाळून! सोडा जास्त झाला की तंतूच पोखरला जातो आणि सगळा खटाटोप उलटा पडतो.

मग प्रायमर

घासून झालं तरी वैर संपत नाही. इथे येतो माझा लाडका गडी, मॅलेइक अनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रोपिलीन. त्याची शेपटी पॉलिप्रोपिलीनचीच, त्यामुळे प्लास्टिकमध्ये ती सहज मिसळते. डोकं मात्र सेल्युलोजच्या हायड्रॉक्सिलला घट्ट धरतं. शंभर भागांत दोन-पाच भाग टाकले तरी फरक दिसतो. कॉस्टिकसारखं तंतू भिजवणं, धुणं, वाळवणं नाही, वितळतानाच मिसळायचं. माझं मत विचाराल तर कारखान्यात टिकणारी युक्ती हीच. बाकीच्या बऱ्याचशा प्रयोगशाळेतच शोभतात.

सिलेन हा दुसरा प्रायमर, मूळचा काचतंतूंसाठी. काचेवर त्याची पकड पक्की, सेल्युलोजवर तेवढी नाही. पण भाताच्या तुसात पंधरा-वीस टक्के सिलिका असते, तीही मुख्यतः बाहेरच्या अंगाला. म्हणजे शेतातून निघालेलं हे भरण अर्धवट काचेचंच! म्हणून तर ते प्लास्टिक वितळवणाऱ्या यंत्राचा स्क्रूसुद्धा झिजवतं.

चिमूटभर आणखी

पटकीची साथ आली की विहिरीत टाकायचे ते जांभळं परमँगनेटही तंतूंना लावतात, अगदी नाममात्र.

असेटिक अनहायड्राइड लावलं की हायड्रॉक्सिल झाकले जातात आणि लाकडाचं पाणी पिणं खूप कमी होतं. सोबत व्हिनेगरचं आम्ल निघतं, म्हणून वास लोणच्याच्या बरणीचा. नेदरलँड्समध्ये स्नेक गावाजवळ महामार्गावरचा मोठा लाकडी पूल अशाच लाकडाचा आहे.

खडूच्या भुकटीला मेणबत्तीतलं स्टिअरिक आम्ल चोळलं की ती पाण्यावर तरंगते. पीव्हीसी पाइपात भरतात ती बहुधा हीच.

सेल्युलोज दोनशे अंशांच्या वर करपू लागतं, खोबरं भाजताना लक्ष दुसरीकडे गेलं की होतं तसं. पॉलिप्रोपिलीन १६५ च्या आसपास वितळतं म्हणून निभावतं; नायलॉन-६ ला २२० लागतात, तिथे तागाची वाट बिकट.

मुंबईत माटुंग्याला सिरकॉट ही कापसावर संशोधन करणारी संस्था १९२४ पासून आहे. शेतात जाळून टाकतात त्या पऱ्हाटीचे पार्टिकल बोर्ड बनवायचं तंत्र तिने विकसित केलं.

आणि धुणं?

हिशेब करा. एक किलो तंतूला कॉस्टिकचं वीस लिटर द्रावण धरलं, तर पाच टक्क्यांनी त्यात एक किलो कॉस्टिक. किलोला किलो! वर तंतू उदासीन होईपर्यंत धुवायचे, त्याचं पाणी वेगळंच. द्रावण पुन्हा वापरता येतं, पण तसं करावं लागतं. एवढ्यावर ‘निसर्गस्नेही’ची हिरवी चिठ्ठी लागते. तेव्हा प्रदर्शनात तागाचं किंवा काथ्याचं प्लास्टिक दाखवून कुणी कौतुक सांगू लागलं, तर वस्तू हातात घ्या, जरूर दाद द्या आणि एवढंच विचारा: धुतलेलं पाणी कुठे सोडलंत?