सेवा शिकवायची, पण कशी?

चंडीगडच्या सेक्टर १२ मध्ये पीजीआय हे मोठे सरकारी रुग्णालय आहे. पंजाब, हरियाणा, हिमाचल प्रदेश, जम्मू-काश्मीर अशा दूरदूरच्या भागांतून तिथे रुग्ण येतात. रुग्णाला आत खाट मिळते. पण त्याच्याबरोबर आलेल्या म्हाताऱ्या आईचे, बायकोचे, भावाचे काय? त्यांचे दिवसच्या दिवस व्हरांड्यात नाही तर फुटपाथवर जातात. त्यांच्यासाठी रुग्णालयाबाहेर लंगर लागतो. रांगेत उभ्या राहिलेल्याला जात-धर्म कोणी विचारत नाही.

यातला एक लंगर जगदीश आहुजा यांनी वर्षानुवर्षे चालवला. फाळणीत पेशावर सोडून आलेले हे गृहस्थ चंडीगडमध्ये फळे विकत. १९८१ साली मुलाच्या वाढदिवसाला त्यांनी गरीब मुलांना जेवू घातले आणि मग ते थांबलेच नाहीत. पुढे २००० च्या सुमारास ते पीजीआयबाहेर जेवण वाटू लागले. पैसा कमी पडला तेव्हा त्यांनी मालमत्ता विकली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ते गेले. सुरुवात मुलाच्या वाढदिवसापासून झाली, ही गोष्ट आईबापांनी ध्यानात घेण्यासारखी आहे.

या शहरात ख्रिस्ती कुटुंबे संख्येने थोडी. पण सेक्टर १८ चे क्राइस्ट चर्च, सेक्टर १९ चे कॅथेड्रल अशी प्रार्थनास्थळे आहेत. शेजाऱ्यावर प्रेम करा, हा धडा ख्रिस्ती मूल संडे स्कूलमध्ये अगदी लहानपणी शिकते. तो पाठ होतो, त्यावर नाटुकलीही बसतात. अडचण असते ती रविवारनंतरच्या सहा दिवसांची.

बहुतेक ठिकाणी मग नाताळ जवळ आला की एक कार्यक्रम ठरतो. मुलांना गाडीत बसवून अनाथाश्रमात किंवा वृद्धाश्रमात नेतात. केक, फळे, दोन गाणी, एक फोटो, तासाभरात सगळे घरी. हेतू चांगलाच असतो. पण ज्यांना भेटायला गेलो त्या आजोबांचे नाव तरी मुलांना ठाऊक होते का? पाहुणे म्हणून आलेली मुले पाहुण्यासारखीच परत जातात. आणि आजोबांना मात्र फोटोसाठी हसावे लागते. ही प्रथा काही चर्चचीच नाही. शाळा, मंडळे, क्लब सारेच तिच्यात सामील आहेत.

जोड्यांपाशी बसलेली मुले

याच चंडीगडमध्ये दुसरे चित्रही दिसते. गुरुद्वारात जोडाघर असते, आलेल्यांची पादत्राणे सांभाळण्याची जागा. तिथे मोठ्यांच्या बरोबरीने शाळकरी मुलेही लोकांचे जोडे घेतात, पुसतात. लंगरमध्ये पाणी वाढतात, थाळ्या घासतात. नांदेडचा गुरुद्वारा पाहिलेल्यांना हे नवीन नाही. यात दोन गोष्टी आहेत. मुलाने हात आखडला तर खोळंबा होईल, असे हे खरे काम असते. आणि बाप नुसता उपदेश करत उभा नसतो, तोही शेजारी बसून जोडेच पुसत असतो.

अमृतसरच्या पिंगलवाड्याचे भगत पूरणसिंग यांची गोष्ट पाहा. रस्त्यात पडलेला दगड, काटा दिसला तर उचलून बाजूला कर, कोणाच्या पायाला लागायला नको, असे त्यांची आई लहानपणी त्यांना सांगे. झाडांना पाणी घालायला लावी. १९३४ मध्ये लाहोरच्या गुरुद्वारापाशी कोणीतरी टाकून दिलेले एक अपंग मूल पूरणसिंगांनी उचलले आणि पुढे चौदा वर्षे त्याला पाठीवर वागवले. निराधारांसाठी त्यांनी उभारलेल्या पिंगलवाड्याची शाखा आज चंडीगडमध्ये पलसोरा इथे आहे. तिचे मूळ आईने उचलायला लावलेल्या काट्यात शोधले तर फारसे चुकणार नाही.

तास मोजून सेवा?

कॉलेजच्या वयात प्रश्न बदलतो. १९६९ साली राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तिच्यात विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास काम करावे, अशी अपेक्षा असते. योजना उत्तम, पण तास भरले, प्रमाणपत्र मिळाले की झाडू कोपऱ्यात, असे अनेकांचे होते. बाबा आमटे यांनी १९६७ पासून सोमनाथला जी श्रमसंस्कार छावणी भरवली, तिथे चंद्रपूरच्या ऐन मे महिन्याच्या उन्हात तरुण मुले घाम गाळत. बक्षीस म्हणाल तर हाताला घट्टे. तरीही मुले येत राहिली! तरुणांना सोपे काम दिले की ते टिकतील, हा मोठ्यांचा गैरसमज आहे.

चंडीगडमध्ये तरुणांसाठी एक वाट फार पूर्वीच तयार झाली. १९६४ मध्ये कांता सरूप कृष्ण यांनी इथे ब्लड बँक सोसायटी उभी केली. रक्त विकणारे अशक्त, गरजू लोक दारात उभे असत, त्या काळात त्यांनी धडधाकट माणसांना फुकट रक्त द्यायला तयार केले. पैसे घेऊन रक्त देण्यावर देशात १९९८ च्या जानेवारीपासून बंदी आली. रक्तदानाला वयाची १८ वर्षे पुरी व्हावी लागतात. चर्चच्या युवक मंडळातल्या मुलामुलींना अठराव्या वाढदिवसाला पार्टीइतकीच याचीही आठवण आईबापांनी करून द्यायला हरकत नाही. मात्र पहिल्या वेळी बरोबर जावे, आणि जमत असेल तर आपणही बाही वर करावी.

लहान मुलांना रुग्णालयाच्या वॉर्डात नेऊ नये. संसर्गाचा धोका असतो, आणि रुग्णालाही त्रास. पण बाहेर काम थोडे का आहे? सहा-सात वर्षांचे मूल मोठ्यांबरोबर पाण्याचे पेले भरू शकते. बारा-तेरा वर्षांचे मूल गल्लीतल्या एकट्या आजीचे दूध, औषध दर मंगळवारी आणून देऊ शकते; मात्र तो मंगळवार परीक्षेतही चुकू नये. आणि अकरावी-बारावीच्या मुलांनी? खेड्यातून आलेल्या माणसाला कागद कुठल्या खिडकीवर द्यायचा हेच समजत नाही. त्याचा फॉर्म भरून द्यायचा, खिडकीपर्यंत सोबत चालायचे, आणि त्याचा नंबर लागेपर्यंत तिथेच थांबायचे.