दमसास चोवीस सेकंदांचा
सकाळी साडेसहाला मैदानावर पोरं जमली की पहिला हुकूम बहुतेक ठिकाणी ठरलेला असतो: 'दहा राउंड मारा.' स्टॅमिना वाढवायचा तर लांब पळायचं, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की कबड्डी असो, खो-खो असो वा बास्केटबॉल, दिवसाची सुरुवात राउंडनेच होते. बास्केटबॉलपुरतं बोलायचं, तर त्या राउंडांचं प्रत्यक्ष खेळाशी नातं फारच दूरचं आहे.

ट्युनिशियातल्या निधाल बेन अब्देलकरीम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 19 वर्षांखालच्या 38 अव्वल खेळाडूंच्या सामन्यांचा बारकाईने अभ्यास केला आणि 2007 मध्ये तो प्रसिद्ध केला. एका सामन्यात एकेक खेळाडू सुमारे 1050 वेळा हालचाल बदलतो, असं त्यात दिसलं. चाल, धाव, बाजूला सरकणं, उडी, थांबणं, पुन्हा धाव, असा हा क्रम दर दोन-अडीच सेकंदांनी पालटत राहतो. खेळ चालू असताना हृदयाचे ठोके मिनिटाला सरासरी 171 पडत होते, म्हणजे त्या मुलांच्या कमाल मर्यादेच्या 91 टक्के. नियमांनीही खेळाला वेग दिला आहे. 2000 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने बास्केटवर चेंडू टाकण्याची मुदत 30 सेकंदांवरून 24 वर आणली आणि चेंडू अर्धं मैदान पार नेण्यासाठी 10 ऐवजी 8 सेकंद ठेवले. एका लयीत वीस मिनिटं पळण्याची वेळ या खेळात कधी येतच नाही.

जोरदार धाव घेताना स्नायू आधी स्वतःजवळचा तयार साठा वापरतात. तो असतो क्रिएटिन फॉस्फेटचा, आणि पूर्ण जोर लावला तर दहा सेकंदांच्या आसपास त्याचा मोठा भाग संपतो. त्यानंतर ग्लुकोजचं झटपट विघटन जास्त भार उचलतं आणि पाय जड होऊ लागतात. खरी गोम पुढे आहे. रिकामा झालेला साठा पुन्हा भरतो तो ऑक्सिजनच्या बळावर: निम्मा साधारण अर्ध्या-एक मिनिटात, पूर्ण भरायला मात्र काही मिनिटं लागतात. इमारतीच्या गच्चीवरची टाकी भराभर उपसली जाते, पण खालची मोटर किती ताकदीची आहे यावर ती पुन्हा कधी भरेल हे ठरतं, तसाच हा प्रकार. शेवटच्या क्वार्टरमध्येही ज्या खेळाडूची धाव पहिल्यासारखी राहते, त्याची ही मोटर दणकट असते.

मोटर दणकट करण्याचा मार्ग म्हणजे इंटरव्हल ट्रेनिंग: थोडा वेळ जीव तोडून मेहनत, मग मोजकी विश्रांती, मग पुन्हा मेहनत. हेलसिंकीच्या 1952 च्या ऑलिंपिकमध्ये 5000 मीटर, 10,000 मीटर आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदकं जिंकणारा एमिल झाटोपेक 400 मीटरच्या असंख्य फेऱ्या याच रीतीने मारायचा. पण आजच्या जिमपर्यंत हा प्रकार पोहोचला तो जपानच्या इझुमी ताबाता यांच्या नावाने. जपानी स्पीड स्केटिंग संघाचे प्रशिक्षक इरिसावा कोइची वापरत असलेली पद्धत ताबातांनी प्रयोगशाळेत तपासली. 20 सेकंद मेहनत, 10 सेकंद विश्रांती, अशा सात-आठ फेऱ्या. सहा आठवड्यांत असा सराव करणाऱ्या गटाची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता वाढलीच, शिवाय ऑक्सिजनविना काम करण्याची क्षमता 28 टक्क्यांनी वाढली. आठवड्यातले पाच दिवस तासभर मध्यम वेगाने सायकल मारणाऱ्या गटात पहिली वाढ दिसली, दुसरी नाही. हा शोधनिबंध 1996 चा.

तेव्हापासून चार मिनिटांच्या जादूची जाहिरात सुरू आहे, आणि तिथेच गडबड होते. ताबातांचे स्वयंसेवक खेळाची सवय असलेले तरुण पुरुष होते. मेहनतीची पातळी अशी ठेवली होती की सातव्या-आठव्या फेरीला माणूस सपशेल गळून जावा. मोबाइलवर टायमर लावून बारा वर्षांच्या मुलीला तसेच बर्पी करायला लावणं म्हणजे ताबाता नव्हे, आणि तिच्या वयाच्या मुलांवर तो प्रयोग झालेलाही नव्हता.

मुलं म्हणजे लहान आकाराची मोठी माणसं नव्हेत. फ्रान्समधले सेबास्तियाँ रातेल आणि ऑस्ट्रेलियातले अँथनी ब्लेझेविच यांच्या चमूने 2018 मध्ये 8 ते 12 वर्षांच्या मुलग्यांची तुलना प्रौढांशी केली. जोरदार सायकलिंगनंतर मुलं सराव नसलेल्या प्रौढांपेक्षा कमी थकली होती आणि लांब पल्ल्याच्या कसलेल्या खेळाडूंइतक्याच चटकन सावरत होती. दिवसभर हुंदडूनही पोरं दमत कशी नाहीत, या आयांच्या जुन्या प्रश्नाचं हे बऱ्यापैकी उत्तर आहे. वयात येण्यापूर्वी मुलांचं शरीर ऑक्सिजनवरच जास्त विसंबून असतं. या वयात मोटरची चिंता करण्यापेक्षा ड्रिबल, पास, पायांची ठेवण आणि उडीनंतर नीट उतरणं शिकवावं, असं माझं मत आहे.

चौदा-पंधराच्या पुढे मात्र इंटरव्हलला खरा अर्थ येतो. तिथेही शिट्टीच्या तालावर रेषेपासून रेषेपर्यंत पळवत राहायलाच हवं, असं नाही. 17 वर्षांखालच्या खेळाडूंवर 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका गटाला नुसत्या इंटरव्हल धावा दिल्या, दुसऱ्याला दोन विरुद्ध दोन असे छोटे सामने. सहा आठवड्यांनी दमसास दोन्ही गटांत सारखाच सुधारला; छोटे सामने खेळणाऱ्यांची नेमबाजी आणि बचावातली चपळाईही वाढली. कारण उघड आहे. मैदानात चारच जण असले की लपायला जागा उरत नाही, चेंडू सतत हातात येतो आणि ठोके आपोआप चढतात. तीन मिनिटं खेळ, दोन मिनिटं विश्रांती, अशा चार-पाच फेऱ्या आठवड्यातून दोनदा पुरेत. सामन्याच्या आदल्या दिवशी नकोत.

'220 वजा वय' हे ठोक्यांचं सूत्रही मुलांना लावू नये. त्यांच्या ठोक्यांची कमाल गती वयाप्रमाणे तशी उतरत नाही. उंची झपाट्याने वाढण्याचा काळ मुलींमध्ये साधारण बाराव्या, मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास असतो. तेव्हा गुडघ्याच्या वाटीखालचं हाड दुखू लागलं, तर तो आळस समजू नये. उड्या कमी कराव्यात आणि डॉक्टरांना दाखवावं. मे महिन्यातल्या शिबिरात तापलेल्या सिमेंटच्या कोर्टवर तर हा सराव सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावरच घ्यावा.

आणि कोर्टच्या कडेला बसणाऱ्या पालकांना एक विनंती. विश्रांतीच्या त्या दोन मिनिटांत 'उभा काय राहिलास, पळ!' असं ओरडू नका. तो उभा असताना त्याचे स्नायू पुढच्या धावेसाठी साठा भरत असतात.