कोऱ्या जागेचे शून्य कसे होते?

शाळेच्या गच्चीवरील तापमापकाच्या चार दिवसांच्या नोंदी अशा आहेत असे समजा: २८, ३०, कोरी जागा, ३२ अंश सेल्सिअस. तिसऱ्या दिवशी सुट्टी असल्याने नोंद घेतलीच गेली नाही. सरासरी किती? तुम्ही ९० ला ३ ने भागून ३० अंश सांगाल. हेच काम जावास्क्रिप्ट या संगणकभाषेतील साध्या आज्ञावलीवर सोपवले आणि कोऱ्या जागी त्या भाषेतील 'नल' हा शब्द लिहिला, तर ती ९० ला ४ ने भागून २२.५ अंश असे उत्तर देते. चुकीची सूचना नाही, अडखळणे नाही. आणि २२.५ हा आकडा तरी किती साळसूद! हिवाळा असेल तर कोणाला शंकाही येणार नाही.

'नल' म्हणजे 'येथे काही नाही' असे मुद्दाम सांगणारी खूण. शून्य अंश हे एक तापमान आहे. नल हे तापमानच नव्हे. प्रयोगवहीत राहिलेल्या नोंदीच्या जागी शून्य लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही शिक्षक तांबडी शाई दाखवतो. जावास्क्रिप्ट मात्र बेरजेची वेळ आली की नलचे गुपचूप शून्य करते. पायथन या भाषेत तसे होत नाही. तिच्यातील 'नन' ही कोरेपणाची खूण संख्येत मिळवायला जाल, तर आज्ञावली तेथेच थांबते आणि चूक दाखवते. मला ही वागणूक अधिक प्रामाणिक वाटते.

आता दोष शोधू या. तिसऱ्या नोंदीचा संशय आला, म्हणून 'टाइपऑफ' ही आज्ञा वापरून तिचा प्रकार विचारला, तर उत्तर येते 'ऑब्जेक्ट', म्हणजे वस्तू! काही नाही, ते वस्तू कसे?

याचे कारण इतिहासात आहे. ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत १९९५ च्या मे महिन्यात अवघ्या दहा दिवसांत या भाषेचा पहिला नमुना तयार केला. त्या वेळी प्रत्येक मूल्य स्मृतीत साठवताना शेवटच्या काही द्विमान अंकांत त्याच्या प्रकाराची खूण असे. वस्तूची खूण होती ०००. नल साठवला जाई तो सगळे अंक शून्य ठेवून. साहजिकच शेवटचे तीन अंकही शून्य, आणि तपासणाऱ्याला तो वस्तू वाटला. पुढे दुरुस्तीची सूचना आली, पण ती स्वीकारली गेली नाही. या उत्तरावर विसंबून लिहिलेल्या असंख्य आज्ञावली त्यामुळे बंद पडल्या असत्या.

मग शून्याशीच तुलना करून पाहावी? नल शून्याएवढा आहे का, तर नाही. शून्यापेक्षा मोठा? नाही. शून्याएवढा किंवा त्याहून मोठा? होय! लहानमोठेपणा ठरवताना भाषा नलचे शून्य करून घेते, बरोबरी तपासताना करत नाही. म्हणून ही गंमत.

खात्रीचा उपाय एकच: तीन बरोबर चिन्हे ओळीने लिहून नोंदीची तुलना थेट नलशी करायची. अशा वेळी भाषा कोणताही प्रकार बदलत नाही. ही तपासणी बेरजेच्या आधी घातली, आणि नल नसलेल्या नोंदीच मोजल्या, की बेरीज ९०, नोंदी ३ आणि सरासरी ३० अंश.