खालून टाकला तरी हात तोच

सॉफ्टबॉलचा पिचर चेंडू खालून टाकतो, हात पवनचक्कीसारखा पूर्ण गोल फिरवून. म्हणूनच याला विंडमिल म्हणतात. आता खालून टाकायचा म्हणजे हाताला त्रास नाही, असं सगळेच धरून चालतात. अमेरिकेत शाळांच्या बेसबॉलमध्ये २०१७ पासून राज्याराज्यांत पिचच्या संख्येला मर्यादा आली. मुलींच्या सॉफ्टबॉलला तसा सर्वत्र लागू होणारा नियम नाही. मग संघात एकच मुलगी बरी टाकत असेल, तर शनिवारचे दोन्ही सामने तिचेच आणि रविवारचेही तिचेच!

मोजमापं मात्र वेगळं सांगतात. विंडमिलमध्ये खांदा सांध्यातून बाहेर ओढला जातो, तो जवळजवळ बेसबॉलच्या पिचरइतक्याच जोरानं. दंडाच्या पुढच्या स्नायूवर तर भार जास्तच पडतो. म्हणून खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखू लागलं की 'सवय होईल' म्हणू नये, थांबावं.

मुलगी वाढते तसा खेळही बदलतो, हे आपण विसरतो. तिथे दहा वर्षांखालच्या मुली ३५ फुटांवरून, ११ इंच घेराच्या चेंडूनं टाकतात. बारा वर्षांखालच्या गटात ४० फूट आणि १२ इंची चेंडू, आणि पुढे ४३ फूट. प्रत्येक बदलाला नेम बिघडतो. मुलगी बिघडलेली नसते. थोडे महिने द्यावे लागतात.

नेमका याच वेळी पालक कर्व्ह शिकवा म्हणून मागे लागतात. आम्ही नको म्हणतो. आधी सरळ वेगवान चेंडू, आणि जोर पायातून, कमरेतून यायला हवा. नुसता हात फिरवून नाही. नेम चुकला तरी चालेल, जाळीत जोरात टाकू दे. लहानपणी फक्त नेमासाठी हळू टाकायची सवय लागली, की ती मोडणं फार जड जातं. त्यानंतर चेंजअप. हात तितक्याच वेगानं येतो, चेंडू मात्र उशिरा पोचतो आणि फलंदाज आधीच बॅट फिरवून बसते. एवढ्या दोन चेंडूंवर मुलगी बरीच वर्षं खेळू शकते.

नियम नाही, तर मोजायचं कुणी? घरच्यांनीच. आपल्याकडे शालेय स्पर्धा खेळणाऱ्या मुलींच्या घरीही एक वही असावी. सामन्यातले चेंडू, सरावाचे, अंगणात बाबांना टाकलेले, सगळे त्यात लिहायचे. शेजारी एक रकाना ठेवा : आज कुठे दुखतंय? तो मुलीनं स्वतः भरायचा, प्रशिक्षकानं नाही.