लडाखचा दुमजली संडास

लेहला वर्षाकाठी पाऊस जेमतेम 100 मिलिमीटर. मुंबईत तेवढा एका दुपारीही कोसळतो. तरी साडेतीन हजार मीटरवर सातू पिकतो, वितळत्या बर्फाच्या पाटपाण्यावर. झाडं तुरळक, म्हणून शेण जातं चुलीत. मग शेताला खत कुठून? घरातूनच! वरच्या खोलीत जमिनीला भोक, कोपऱ्यात मातीचा ढीग नि फावडं. उठताना फावडंभर माती, थोडी राख लोटायची. ओल शोषली जाते, दुर्गंधी दबते आणि खालच्या खोलीत काळंभोर खत मुरत राहतं. (आपण तेच पिण्याच्या पाण्याने वाहून घालवतो.)

त्याच शेतात नांगराला झो, म्हणजे याक आणि गाईचा संकर. दणकट, पण नराला प्रजा होत नाही. संकर पुन्हापुन्हा करावा लागतो. मादी झोमो मात्र दुभती. तिचं लोणी खारट चहात पडतं.