जुना ट्रक, नवे इंजिन

भंडारा जिल्ह्यातील गडेगाव येथे १९८२ साली अशोक लेलँडचा गिअरबॉक्स निर्मितीचा कारखाना स्थापन झाला. कारखाना जवळ असला, तरी कोणताही गिअरबॉक्स कोणत्याही जुन्या ट्रकला बसेल, असे मात्र नाही. इंजिन बदलताना खरी कसोटी लागते ती क्लचपाशी. बेल हाऊसिंगवरील बोल्टची छिद्रे जुळली, तरी गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवरील खाचांची संख्या व व्यास क्लचप्लेटशी जुळले नाहीत, तर काम तेथेच अडते. शाफ्टचे टोक फ्लायव्हीलमधील पायलट बेअरिंगमध्ये नेमके बसावे लागते. थोडा तिरकेपणाही बेअरिंग लवकर झिजवितो. अधिक ताकदीच्या इंजिनाच्या पिळाचा जोर जुना गिअरबॉक्स व डिफरेन्शियल पेलतील काय, हेही पाहावे लागते. म्हणून भंगारबाजारात भाव विचारण्यापूर्वी मापे घ्यावीत. लेथवर शाफ्ट कातून बसविण्याची युक्ती स्वस्त दिसते खरी, पण त्यात शाफ्टचा कठीण केलेला पृष्ठभागच निघून जातो.

परवानगीबाबतही परिवहन कार्यालयात आधीच विचारणा करणे श्रेयस्कर. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार इंजिन बदलल्याचे १४ दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवावे लागते. पन्नास वर्षांहून जुन्या, धंद्यासाठी न वापरल्या जाणाऱ्या वाहनास २०२१ च्या नियमांप्रमाणे ‘व्हिंटेज’ नोंदणी हवी असेल, तर इंजिनात मोठा फेरबदल चालत नाही.